डावी खोली

१

४ फेब्रुवारी. सकाळी धुकं, नऊनंतर स्वच्छ ऊन, वारा नाही. विभागात तापमान बावीस, हवेतला ओलावा अठ्ठेचाळीस टक्के.

अशा नोंदी मी एकोणीस वर्षं करतो आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही. प्लास्टर, मेण आणि रंग हवेप्रमाणे वागतात, हे मला पुस्तकांवरून नव्हे तर बिघडलेल्या नाकांवरून कळलं. बारावीपुढे मी शिकलो नाही. म्हणून आमचे डॉक्टर मला चेष्टेने 'प्रोफेसर' म्हणतात.

आमचा विभाग रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला आहे. आजारात किंवा अपघातात कोणाचा कान जातो, कोणाचं नाक, कोणाची टाळू. आम्ही तो भाग करून देतो. पूर्वी मी सगळं मेणात हाताने कोरायचो. आता स्कॅनर आहे. माणसाला खुर्चीत बसवायचं, समोरच्या भिंतीवरच्या काळ्या टिंबाकडे बघायला सांगायचं. चेहऱ्यावर प्रकाशाचे पट्टे सरकतात, यंत्र एका फेरीत चौदा चित्रं घेतं, आणि त्यांची सांगड घालून संगणकाच्या पडद्यावर राखाडी रंगाचा चेहरा उभा करतं. मग शाबूत बाजू उलटवून गेलेल्या बाजूवर ठेवायची. याला आम्ही 'आरसा' म्हणतो. उजव्या कानावरून डावा कान, उजव्या डोळ्यावरून डावा डोळा. त्यावरून साचा छापायचा, साच्यात सिलिकॉन ओतायचं. त्वचेचा रंग जुळवायला रंगवाल्या बाई आहेत. त्यांचा हात हलका आणि जीभ तिखट.

त्या दिवशी खुर्चीत माझी ताई बसली होती.

आठ महिन्यांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यामागे गाठ निघाली. डोळा, दोन्ही पापण्या, सगळं काढावं लागलं. तिथे आता एक पोकळी आहे, आणि तिला मांडीच्या कातडीचं अस्तर आहे. ताई टपाल कार्यालयात आहे. खिडकी क्रमांक तीनवर तिने अठ्ठावीस वर्षं काढली. ऑपरेशननंतर वरिष्ठांचं पत्र आलं: १ मार्चला खिडकीवर रुजू व्हावं, नाहीतर आतल्या विभागात बदली. आतला विभाग म्हणजे बिनखिडकीचं दालन आणि पिशव्यांवर शिक्के.

"शिक्के मारायला माझी ना नाही," ताई म्हणाली. "पण मला माणसं लागतात रे. भांडायला तरी."

मी गोल टोकाची मोजदांडी पोकळीत अलगद उतरवली आणि बाईंना आकडा सांगितला. "खोली एकतीस पूर्णांक चार."

"आणि भाडं?" ताईने विचारलं.

"हलू नकोस."

"नाही, रिकामी खोली म्हणून विचारलं. आठ महिने नुसती पडून आहे. एखादा भाडेकरू तरी ठेवावा."

बाई इतक्या हसल्या की फॉर्मवर रेघ ओढली गेली. दुसरा फॉर्म घ्यावा लागला.

मग स्कॅन केला. स्कॅनप्रमाणे खोली आली एकोणतीस पूर्णांक नऊ. दांडी आणि स्कॅन यांत फार तर दोन दशांशांचा फरक पडतो. हा दीड मिलिमीटर होता. मी तो लिहून ठेवला आणि जेवायला गेलो.

२

६ फेब्रुवारी. ढगाळ, हवा बंद.

साचा करण्याआधी मी नेहमी चेहऱ्याची प्रतिकृती छापून घेतो. छपाईयंत्रात चिकट द्रवाची थाळी असते. पट्टी खाली बुडते, प्रकाश लागून एक थर घट्ट होतो, पट्टी वर सुटते. सुटताना ओठ विलग झाल्यासारखा आवाज होतो. चप्प. नऊ सेकंदांनी पुन्हा चप्प. ताईच्या चेहऱ्याचे साडेनऊशे थर होते. अडीच तास मी त्या आवाजात एका कानाच्या कडा घासत बसलो होतो. एरवी तो मला ऐकूही येत नाही. त्या दिवशी प्रत्येक थर ऐकू येत होता.

प्रतिकृती धुऊन, सुकवून, दांडी घातली. एकोणतीस पूर्णांक नऊ. म्हणजे छपाईत चूक नव्हती, स्कॅनमध्ये होती.

"तुम्ही बुजवणी चालू ठेवली असणार," बाई म्हणाल्या. त्यांनी मान वरही केली नाही.

बुजवणी ही संगणकातली सोय आहे. खोल जागी प्रकाश पोचला नाही की स्कॅनमध्ये भोकं राहतात. ती यंत्राने अंदाजाने बुजवावीत, असं सांगता येतं. नवखे लोक ती चालूच ठेवतात आणि मग कानाच्या भोकाच्या जागी गुळगुळीत टेकाड येतं. मी उघडून बघितलं. बुजवणी बंद होती.

८ तारखेला ताईला परत बोलावलं. दांडीने एकतीस पूर्णांक चार. स्कॅनने सव्वीस पूर्णांक दोन.

मी यंत्र बंद करून चालू केलं. प्रमाणपट्टी लावून तपासलं, बिनचूक. चहाचा रिकामा कप स्कॅन केला. कपाची खोली दांडीने आणि यंत्राने दशांशापर्यंत सारखी. दुपारी आलेल्या एका निवृत्त ड्रायव्हरचं गेलेलं नाक स्कॅन केलं. तेही बरोबर.

"तुझा कप ठीक आहे, त्यांचं नाक ठीक आहे," ताई खुर्चीतून म्हणाली, "म्हणजे खोट माझ्यातच."

"पोकळीत ओल असेल. ओली जागा चमकते, यंत्र फसतं."

"तुला पटतंय का हे?"

मी कापसाने पोकळी टिपली. कापूस कोरडा निघाला.

३

१० फेब्रुवारी. सकाळी थंडी, दुपारी वारा सुटला. व्हरांड्यातली दारं दिवसभर आपटत होती.

मी डॉक्टरांना आकडे दाखवले. त्यांनी ताईला तपासलं. कपाळावरच्या दिव्याने बघितलं, हातमोजा घालून बोट फिरवलं. त्याच दिवशी सीटीही काढला. सगळं स्वच्छ होतं.

"प्रोफेसर," ते मला बाहेर घेऊन म्हणाले, "तुमचं यंत्र म्हणतं पोकळी भरतेय. माझं बोट म्हणतं नाही. दोघांतला एक खोटं बोलतोय."

"यंत्राचीच चूक असेल."

"असेल. पण अस्तराच्या कातडीत पातळ थर धरत असेल, तर सीटीत तो दिसेलच असं नाही. गाठ परत आली असेल तर मला वाट बघून चालणार नाही. अजून एक स्कॅन करा. खोली आणखी कमी आली तर आत शिरून बघावं लागेल."

"म्हणजे टेबलावर."

"म्हणजे टेबलावर. आणि मग चार महिने तरी तिथे काही बसवता येणार नाही."

ताई दारातच उभी होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. बाहेर पडताना तिचा डावा खांदा चौकटीवर आदळला. ऑपरेशनपासून तो रोज कुठे ना कुठे आदळायचा. डाव्या अंगाची दारं, खुर्च्या, माणसं तिला दिसत नसत.

"छोट्या, मी त्या टेबलावर परत जाणार नाही," ती जिन्यात म्हणाली. तिच्या लेखी मी त्रेपन्नाव्या वर्षीही छोट्याच आहे. "मागच्या वेळी भूल देताना एक डॉक्टर म्हणाला होता, ताई, आकडे मोजा. मी सातपर्यंत मोजले. जाग आली तेव्हा अर्धं जग गेलं होतं."

"गाठ असली तर?"

"आहे का?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून घे. तू सगळं मोजतोस ना? मोज."

४

१३ फेब्रुवारी. ऊन. वारा नाही. ओलावा पन्नास.

दांडीने एकतीस पूर्णांक चार. स्कॅनने चौदा पूर्णांक सहा.

मी ताईला काही सांगितलं नाही. ती गेल्यावर पडद्यावरचा राखाडी चेहरा फिरवून बघितला. पोकळीचा तळ वर आला होता, पण गाठ येते तसा ओबडधोबड नव्हता. मधे हलका फुगवटा होता आणि त्यावर एक आडवी रेघ. मला वाटलं, चित्रं जोडताना शिवण राहिली असेल. तशी राहते कधी कधी.

दुसऱ्या दिवशी प्रतिकृती छापायला लावली. चप्प. चप्प. मी जागेवर बसू शकलो नाही. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, नळ उघडा राहिलाय का बघितलं, परत गेलो. बाई म्हणाल्या, "प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर उभे असल्यासारखे काय येरझाऱ्या घालताय? बसा." बसलो. परत उठलो.

प्रतिकृती स्पिरिटमध्ये धुऊन खिडकीशी नेली.

रेघ शिवणीची नव्हती. तळाशी एक मिटलेली पापणी होती. वरची आणि खालची, दोन्ही नीट एकमेकींना टेकलेल्या.

मी स्वतःला समजावलं. आरसा लागला असेल. उजवा डोळा उलटवून डावीकडे ठेवायची आज्ञा चुकून आधीच दिली गेली असेल आणि उजवी पापणी पोकळीत बसली असेल. ही चूक आमच्याच धंद्यात होऊ शकते, आणि मी ती पूर्वी एकदा केलीही आहे. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो.

मग भिंग घेतलं, आणि वरच्या पापणीच्या बाहेरच्या बाजूला मला खाच दिसली.

मी सात वर्षांचा होतो, ताई अकरा. माझ्या पाटीवरचं चित्र तिने ओल्या फडक्याने पुसलं. तिचं म्हणणं, गंमत केली. मी पाटी फेकून मारली. लाकडी चौकटीचा कोपरा तिच्या डाव्या डोळ्याला लागला. डोळा वाचला, पापणीला तिळाएवढी खाच पडली, आणि तिथे पुन्हा केस आले नाहीत. आई धावत आली तेव्हा मी ती फुटलेली पाटी उचलून पाठीमागे लपवत होतो. ताईने सांगितलं, पायरीवर पडले. सेहेचाळीस वर्षं सगळ्यांना तेच माहीत आहे. आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

ती खाच कुठल्याही फोटोत येत नसे, इतकी बारीक होती. उजव्या पापणीवर ती नव्हती. जे उजवीकडे नाही ते आरशातून डावीकडे येत नाही. आणि जी डावी पापणी होती, ती आठ महिन्यांपूर्वी बाटलीत बंद होऊन तपासणीला गेली.

प्रतिकृती मी फडक्यात गुंडाळून खालच्या खणात ठेवली. तोंड खाली करून.

५

१७ फेब्रुवारी. ढगाळ. पावसाची चिन्हं, पडला नाही.

डॉक्टरांचा फॉर्म टेबलावर होता. त्यात दोन रकाने असतात. दांडीप्रमाणे खोली. स्कॅनप्रमाणे खोली. पहिल्यात मी एकतीस पूर्णांक चार लिहिलं. दुसऱ्याशी पेन बराच वेळ थांबलं.

चौदा पूर्णांक सहा लिहिलं असतं तर त्याच आठवड्यात ताई टेबलावर गेली असती. खरंच गाठ असली, तर वाचली असती. नसली, तर डॉक्टर आत शिरून काय काढणार होते, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचं उत्तर शोधलं नाही. एकोणीस वर्षांत मी कधी खोटा आकडा लिहिला नव्हता. बिघडलेल्या नाकांचेही आकडे माझ्याकडे खरे आहेत.

दुसऱ्या रकान्यातही मी एकतीस पूर्णांक चार लिहिलं.

"आला का ताळ्यावर तुमचा स्कॅनर?" डॉक्टरांनी विचारलं.

"आला."

"मी म्हटलंच होतं. ताईंना सांगा, खिडकी झाडून ठेवा."

यंत्र टाळायचं म्हणून मी जुन्या पद्धतीने ठसा घ्यायचं ठरवलं. बाईंनी भुवया उंचावल्या. "एवढं लाखमोलाचं यंत्र सोडून खलबत्ता का काढताय?"

"हाताची सवय मोडू नये."

"सवय मोडत नाही. तुमचं काहीतरी बिनसलंय," त्या म्हणाल्या, आणि रंग घोटायला लागल्या.

ठशाचं गुलाबी द्रव्य मी कालवलं आणि ताईच्या पोकळीत ओतलं. ते घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. तिने मान मागे टाकली होती. दुसऱ्या मिनिटाला तिची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली गेली.

"टोचतंय का?"

"टोचत नाही. पापणी लवल्यासारखं वाटतं. डाव्या डोळ्याची."

"डॉक्टर म्हणाले होते ना, गेलेल्या भागाची शरीराला आठवण राहते म्हणून."

"हो. पण आठवण अधूनमधून येते, छोट्या. हे अडलंय. काहीतरी वर पडलं की डोळा उघडत नाही ना, तसं."

मी घड्याळाकडे बघत राहिलो. चार मिनिटं झाली. ठसा अलगद निघाला, अखंड, स्वच्छ. खोली एकतीस पूर्णांक चार. तळाला पापणी नव्हती, फुगवटा नव्हता, काही नव्हतं.

ताई तोंड धुवायला गेल्यावर ठसा उजेडात धरला. तळाशी एक केस रुतला होता. काळा, जाडसर, वळलेला. लांबी आठ मिलिमीटर. मांडीच्या कातडीला केस असतात, आणि अस्तरात ते उगवतातही. हे मला माहीत आहे, मी ते पाहिलं आहे. मी तो केस चिमट्याने काढून पाकिटात ठेवला आणि पाकिटावर तारीख घातली.

६

२४ फेब्रुवारी. कडक ऊन, विभागात सव्वीस.

हाताने घेतलेल्या ठशावर मी मेणाचा डोळा कोरला, उजव्या डोळ्याकडे बघत, पूर्वीसारखा. रंगवलेली कठीण वाटी बुबुळाच्या जागी बसवली. बाईंनी सिलिकॉनला त्वचेचा रंग दिला. ताईच्या गालावरची लालसर झाकही त्यांनी इतकी हुबेहूब आणली की मीसुद्धा चकित झालो. पापणीचा एक एक केस सुईने खोवला. काम चांगलं झालं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

ताई तपासणीला आली. पोकळीत बसवून बघितलं, कडा जुळल्या. मी डोळा काढून तबकात ठेवला आणि म्हणालो, "एकदा टिंबाकडे बघ. नोंदीसाठी."

"सरळ सांग ना, तुला आकडा हवाय."

"हो."

ती बसली. पट्टे चेहऱ्यावरून सरकले. खोली तीन पूर्णांक शून्य.

बाई रंगाची भांडी धुवायला गेल्या होत्या. नळाचा आवाज येत होता. जोडलेला चेहरा बाजूला सारून मी सुटी चौदा चित्रं एकेक करून उघडली. ते सहसा कोणी करत नाही, गरजच पडत नाही. पहिल्यापासून आठव्यापर्यंत पोकळीत मिटलेली पापणी होती, खाचेसकट.

नवव्या चित्रात ती उघडी होती.

स्कॅनमध्ये रंग नसतात. सगळं राखाडी, ओल्या मातीसारखं. पापण्यांच्या मधे गोल उंचवटा होता आणि त्यावर बुबुळाचा बारीक फुगवटा, त्यामुळे तो कुठल्या दिशेला वळलाय ते कळत होतं. ताईचा उजवा डोळा चौदाही चित्रांत भिंतीवरच्या टिंबावर होता. नवव्या चित्रातला डावा टिंबाकडे बघत नव्हता. तो डावीकडे, यंत्रामागच्या स्टुलाकडे वळला होता. स्टुलावर मी बसलो होतो.

दहाव्यापासून पुन्हा मिटलेली.

मी विजेरी घेऊन ताईसमोर गेलो. पोकळी रिकामी होती. गुलाबी अस्तर, तळाशी विजेरीचं पांढरं वर्तुळ. दांडी घातली. एकतीस पूर्णांक चार.

"काय आहे?" ताईने विचारलं.

"काही नाही."

"मिटलेला आहे का उघडा?"

नळ बंद झाला होता. मी तिला प्रतिकृती दाखवली नव्हती. पडद्याकडे तिची पाठ होती.

"मिटलेला," मी म्हणालो.

"मग बसव. मला एक तारखेला जायचंय."

७

२७ फेब्रुवारी. सकाळी थोडा वारा, मग शांत.

डोळ्याच्या कडांना गोंद लावून मी तो बसवला, वर चष्मा चढवला. चष्म्याच्या चौकटीत कडा लपते. बाईंनी आरसा धरला. ताई बराच वेळ बघत राहिली. तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं, मग सावरलं.

"आले मी," ती आरशातल्या बाईला म्हणाली.

"आता खिडकीवर कोणाची खैर नाही," रंगवाल्या बाई म्हणाल्या. त्यांनी नाक ओढलं आणि मुद्दाम भांडी आपटली.

मी ताईला गोंद कसा लावायचा, डोळा रोज काढून कसा धुवायचा, ते दोनदा सांगितलं. झोपताना काढून डबीत ठेवायचा, हेही सांगितलं. तिने मान हलवली. पर्स घेतली आणि निघाली. दारात डाव्या अंगाला कोणीतरी चाकाची खुर्ची सोडून गेलं होतं. ताई मान न वळवता तिला वळसा घालून बाहेर पडली. खांदा चौकटीला लागला नाही.

१ मार्चला ती खिडकी क्रमांक तीनवर रुजू झाली. दुपारी भावोजींचा फोन आला. "पहिल्याच दिवशी तिघांशी भांडली. एकदम ठणठणीत आहे. तुझे उपकार कसे फेडायचे रे?"

"डोळा रात्री काढून ठेवते ना?"

"तेवढं नाही ऐकत. म्हणते, काढला की उजेड येतो."

८

२२ मार्च. निरभ्र, वारा नाही. तापमान अठ्ठावीस, ओलावा एकतीस टक्के.

तीन आठवड्यांनी बघायची पद्धत आहे, म्हणून ताई आली. डॉक्टरांनी कडा पाहिल्या, त्वचा पाहिली, लालसरपणा नाही असं लिहिलं आणि ते वॉर्डात गेले. बाई सुट्टीवर होत्या. छपाईयंत्र बंद होतं.

"डोळा काढ," मी म्हणालो. "मागची बाजू तपासायची आहे."

"राहू दे."

"ताई, पद्धत आहे तशी."

"तुझ्या सगळ्या पद्धती मी आजवर पाळल्या, छोट्या. ही एक राहू दे."

ती खुर्चीत बसली होती, ताठ, टिंबाकडे बघत. तिचा चेहरा इतका सुरेख दिसत होता की लांबून कोणाला काही कळलं नसतं. मी स्कॅनर चालू केला नाही. तिला उजवा डोळा तळहाताने पूर्ण झाकायला सांगितला. तिने झाकला. बोटांत फट नाही, हे मी जवळ जाऊन बघितलं. सिलिकॉनची जाडी चार मिलिमीटर, वाटीची अडीच. दोन्हींतून उजेड जात नाही. वाटी बसवण्याआधी मी ती दिव्यावर धरून पाहिली होती.

मी तिच्या डाव्या बाजूला, सहा फुटांवर उभा राहिलो. खोलीत आरसा नव्हता. खिडकीचा पडदा ओढलेला होता.

"मी बोटं दाखवतो. किती ते सांग."

"लहानपणी असंच खेळायचो."

मी पाच वेळा बोटं वर केली. दोन, चार, एक, पाच, तीन.

ताईने सांगितलं, दोन, चार, एक, पाच, तीन.

सहाव्या वेळी मी रिकामा हात पाठीमागे नेला.

ताई म्हणाली, "पाटी खाली ठेव."

वेळ चार वाजून दहा मिनिटं. वहीत लिहिलं: अंतर सहा फूट, उजवा डोळा झाकलेला. प्रयत्न सहा. बरोबर सहा.